आत्याचे यंत्र

माझी आत्या वाईला राहते. कृष्णेच्या घाटापासून पाच मिनिटांच्या वाटेवर तिचे जुने दुमजली घर आहे. पस्तीस वर्षे तिने शाळेत गणित शिकविले आणि २००१ साली ती निवृत्त झाली; तरी अजूनही ती बाजारात निघाली, की अर्धे गाव तिला 'बाई, नमस्कार' म्हणते. आता तिने ऐंशी ओलांडली आहे. स्मरण पूर्वीइतकेच लख्ख आहे, बोलण्यातला करारीपणाही तसाच आहे. नजर मात्र मंदावली आहे.

गेल्या दिवाळीत मी तिच्याकडे गेलो, तेव्हा माळ्यावरची आवराआवर माझ्या वाट्याला आली. तांब्याचे घंगाळ, मोडका पाळणा, गंजलेले कंदील यांच्यामागे मला एक लाकडी पेटी सापडली. तिच्यात जुन्या लुगड्याच्या घडीत गुंडाळलेले एक काळे, चपटे यंत्र होते. आकार जेमतेम वहीएवढा. वर रबराच्या करड्या चाळीस कळा आणि उजव्या कोपऱ्यात चार रंगांचा तिरपा पट्टा. सोबत एक कॅसेट होती. तिच्यावर आत्याच्या वळणदार अक्षरांत 'पाढे' एवढेच लिहिलेले होते.

मी ते यंत्र तत्काळ ओळखले. १९८५ साली माझे वडील कामानिमित्त सहा महिने इंग्लंडात होते. परत येताना त्यांनी बहिणीसाठी शाल आणण्याऐवजी हा संगणक आणला आणि त्यावरून घरात पुष्कळ थट्टा झाली. त्याचे नाव झेडएक्स स्पेक्ट्रम. १९८२ साली तो इंग्लंडात विक्रीस आला. त्याची स्मृती अवघी ४८ किलोबाइट. आज तुमच्या घरच्या फोनवर काढलेले एक छायाचित्रही तिच्यात मावायचे नाही! त्याला स्वतःचा पडदा नव्हता. घरातल्या टीव्हीलाच तो आपला पडदा करी. आत्याकडे तेव्हा एक लहानसा कृष्णधवल संच होता.

या यंत्राला इंग्रजी अक्षरे आणि आकडे येत, मराठी येत नसे. आत्याला तर मुलांसाठी पाढ्यांचा कार्यक्रम लिहावयाचा होता, आणि तोही मराठी आकड्यांत. यंत्र एक सवलत देई. एकवीस चिन्हे आपल्या मनाप्रमाणे घडवावी, एवढी जागा त्यात राखलेली होती. प्रत्येक चिन्ह आठ ओळी आणि आठ रकाने अशा चौसष्ट घरांचे. आत्याने आलेखाचा कागद घेतला आणि शून्यापासून नऊपर्यंत एकेक आकडा घरे काळी करून काढला. ओळीतल्या आठ घरांची किंमत डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २ आणि १. जी घरे काळी, त्यांच्या किमतींची बेरीज करावयाची आणि ती यंत्राला सांगावयाची. मधली चार घरे भरली, तर ३२, १६, ८ आणि ४ मिळून ६०. दहा आकड्यांच्या अशा ऐंशी बेरजा तिने केल्या. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो आणि त्या बेरजा पडताळून पाहण्याचे काम माझ्याकडे होते. एकही चुकलेली सापडली नाही, याचा मला त्या वेळी थोडा रागच आला होता.

उरलेल्या अकरा चिन्हांत तिला दोन शेरे बसवावयाचे होते. 'शाबास' सहज बसले. 'पुन्हा' मात्र बसेना. कारण उकार खाली लोंबतो आणि आठ ओळींत त्याला जागा नाही. मग तिने 'परत कर' असे लिहिले. उकार नाही, जोडाक्षर नाही.

"चालतं का रे ते अजून?" आत्याने खालूनच विचारले. मी यंत्र तिच्या हाती दिले. तिने रबरी कळांवरून बोटे फिरविली आणि म्हणाली, "ह्यातले रंग मी निवडले होते. पाहिले मात्र कधीच नाहीत."

मला हे ठाऊक नव्हते. यंत्राला आठ रंग येत आणि प्रत्येकाला शून्य ते सात असा क्रमांक असे. कृष्णधवल पडद्यावर ते फक्त कमीअधिक करडे दिसत. तरीही आत्याने क्रमांक पाहून रंग योजले होते: भूमी पिवळी, 'शाबास' हिरवे, 'परत कर' तांबडे. शाळेत रंगीत टीव्ही येणार अशी तेव्हा बोलवा होती. तो आला, तोवर यंत्र माळ्यावर गेले होते.

आत्याकडे आता भिंतीवर भला मोठा नवा टीव्ही आहे. मी यंत्राची वायर त्याच्या अँटेनाच्या भोकात खुपसली आणि शोध लावला. टीव्हीने सर्व वाहिन्या धुंडाळल्या आणि काही सापडत नाही असे सांगून तो गप्प बसला. दुसऱ्यांदाही तेच. आत्या खुर्चीत बसून पाहत होती. माझी धांदल उडाली.

शेवटी तिने एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावणे धाडले. हा गृहस्थ रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतो आणि पन्नाशी उलटली तरी बाईंपुढे उभाच राहतो. त्याने मला कारण समजावून दिले. हे जुने यंत्र छोट्या प्रक्षेपण केंद्राचे सोंग घेते. आपले चित्र ते रेडिओलहरीवर चढवते आणि ३६ क्रमांकाच्या वाहिनीवर पाठवते. जुना टीव्ही ती लहर पकडून चित्र पुन्हा वेगळे काढी. हा नवा संच अँटेनातून केवळ अंकरूप संदेशाची अपेक्षा करतो.

"मग आता?" मी विचारले.

"शेजाऱ्याला चिठ्ठी द्यायची तर ती पाकिटात घालून टपालात कशाला टाकायची? हातातच द्यावी. चित्र लहरीवर चढायच्या आधीच बाहेर काढू. पण त्यासाठी यंत्र उघडावं लागेल, बाई."

आत्या थोडा वेळ काही बोलली नाही. अडतीस-एकोणचाळीस वर्षांपूर्वीची वस्तू. एक डाग चुकीच्या जागी पडला, तर सारेच संपावयाचे. मग ती म्हणाली, "उघड. पण हात धुऊन ये."

त्याने पाच स्क्रू काढले. आत एका कोपऱ्यात पत्र्याची चंदेरी डबी होती. लहरीवर चित्र चढविण्याचे काम तिचे. तिच्यातली एक जोडणी त्याने सोडविली आणि चित्र वाहणारी तार थेट बाहेरच्या भोकाला डाग देऊन जोडली. मी बॅटरी धरून उभा होतो. याहून अधिक काही करण्याची माझी पात्रता नव्हती. मग वायरचे दुसरे टोक टीव्हीच्या पिवळ्या भोकात गेले, वीज सुरू झाली, आणि पांढऱ्या पडद्याच्या तळाशी १९८२ सालाचा उल्लेख असलेली काळी ओळ उमटली. अक्षरे आडवी सुजल्यासारखी दिसत होती. नवा टीव्ही रुंद, जुने चित्र जवळजवळ चौकोनी. टीव्हीत चारास तीन हे प्रमाण निवडताच ती सडसडीत झाली.

अवघड भाग पुढेच होता. 'जे' ही कळ दाबली, की 'लोड' हा सबंध शब्द उमटतो. तो उमटला. कॅसेट लावली. कर्कश सूर निघाला आणि पडद्याच्या कडांवर पट्टे सरकू लागले, आधी तांबडे व आकाशी, मग निळे व पिवळे. "हे करडे असायचे," आत्या पुटपुटली. इतक्यात सारे थांबून फीत वाचता आली नाही असा संदेश आला. आवाज कमी केला, अधिक केला. तीन वेळा तेच घडले. माझी तर आशा सुटली. कारागिराने मात्र बारीक पेचकस घेऊन टेपच्या वाचकडोक्याचा स्क्रू केसभर फिरविला, कान लावला, पुन्हा फिरविला. सूर एकदम धारदार झाला.

चौथ्या खेपेस पडदा पिवळा झाला. त्यावर हाताएवढे मराठी आकडे उभे राहिले: २९ × ७.

"कर," आत्या कारागिराला म्हणाली.

त्याने घाम पुसला आणि १९३ लिहिले. तांबड्या अक्षरांत 'परत कर' आले. मी हसलो, आत्या हसली नाही. त्याने ओठ हलवीत पाढा म्हटला आणि २०३ लिहिले. मग हिरवे 'शाबास' उमटले.

आत्या उठून टीव्हीपाशी गेली. डोळे बारीक करून तिने पडदा एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पाहिला. मग मान हलविली.

"पिवळा फारच भडक झाला रे. पोरांचे डोळे दुखतील. सहाच्या जागी पाच घालून बघू."

मी वह्या शोधण्यासाठी उठलो, तशी तिने मला हाताने थांबविले आणि रबरी कळांवर बोटे ठेवली.

"ओळ एकशेवीस," ती म्हणाली.