चाकांचा रंग

जुनी मोटार पाहावयास उभ्या राहिलेल्या माणसाची दृष्टी प्रथम तिच्या दिव्यांकडे व दर्शनी जाळीकडे जाते. आमची मात्र, का कोण जाणे, तिच्या पायांकडे वळते. मालकाने गाडी हौसेने पुन्हा उभी केली असेल आणि चाके मूळची पोलादी असतील, तर त्यांस कोणता रंग दिला आहे हे पाहिल्यावाचून आम्हांस चैन पडत नाही. देह देखणा आणि चाके बेताल, असे इतक्या ठिकाणी आढळते की, मालकाची सारी रसिकता पत्र्यावरच संपली असावी, अशी शंका यावी.

लाकडी आऱ्यांची चाके मागे पडली, तारांच्या आऱ्यांचीही हळूहळू मागे पडली, आणि दाबून घडविलेल्या पत्र्याच्या तबकडीने बहुतेक मोटारींखाली आपले ठाणे मांडले. तबकडी आणि तिच्याभोवतीचे कडे, एवढाच या चाकाचा संसार. ते स्वस्त असते, दणकट असते, आणि कडे किंचित वाकले तर हातोड्याने पुन्हा वळणावर आणता येते. नक्षी अशी त्यात काहीच नाही. रूप द्यावयाचे ते रंगाने. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातील तरुणांनी हे बरोबर ओळखले. 1932 सालच्या फोर्ड गाड्या स्वस्तात घेऊन त्यांनी त्या हलक्या व वेगवान केल्या, आणि काळ्या देहाखाली लाल किंवा मलईच्या रंगाची साधी पोलादी चाके बसवून मध्ये एक लहानशी चकचकीत वाटी ठेविली. 1940 च्या फोर्डची चाके त्यांच्यात फार लोकप्रिय झाली. त्या चाकांची पाच भोके साडेपाच इंच व्यासाच्या वर्तुळावर असतात, आणि महायुद्धातील जीपचीही नेमकी तशीच. तेव्हा त्या सागरापलीकडच्या हौशी पोरांचे आणि आमच्या रानातल्या जीपवाल्यांचे नाते निदान साडेपाच इंचांचे तरी आहेच.

कुळगी हे लहानसे गाव. दांडेलीहून अंबिकानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते लागते, आणि सभोवती काळी व्याघ्र प्रकल्पाचे अरण्य पसरलेले आहे. मुंबईस माझगावात 1949 साली जीपगाड्यांची जुळणी सुरू झाली. पुढे आमच्या या डोंगराळ मुलखात, जेथे बस पोहोचत नसे तेथे जीप पोहोचू लागली. कुळगीतील आमच्या एका स्नेह्यांकडे त्यांच्या वडिलांच्या वेळची अशी एक जीप आहे. सुपे गाव काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली जाण्यापूर्वी वडील ती घेऊन सुप्याच्या बाजारास जात. चाके लाल होती. स्नेह्यांच्या बालपणीच्या आठवणीत वडिलांचा चेहरा जितका स्पष्ट, तितकीच ती लाल चाके स्पष्ट.

दोन वर्षांपूर्वी गाडीचे काम काढले तेव्हा घरात दोन पक्ष पडले. मुलाचे म्हणणे, रुंद मॅगव्हील बसवावीत. आम्ही त्या पक्षास मिळालो नाही. केवळ भोके जुळली म्हणजे चाक जुळले असे नव्हे. रुंद चाक बाहेर सरकले की भार बेअरिंगवर वेड्यावाकड्या रीतीने पडतो, सुकाणू जड होते, आणि पावसाळ्यात चिखलाचा सडा थेट दारांवर उडतो. शिवाय जुन्या जीपच्या अरुंद देहाखाली ती रुंद चमकती चाके म्हणजे धोतरावर बूट घालून लग्नास निघालेला नवरदेव. वडिलांचे, म्हणजे आमच्या स्नेह्यांचे, म्हणणे एकच: जुनीच चाके, आणि लालच.

चाके दांडेलीतील एका म्हाताऱ्या रंगाऱ्याकडे नेली. त्याने रंगाचा डबा उघडलाच नाही. "पयलीं तडे पळयात, मागीर रंग लायात," एवढे बोलून तो जुना रंग खरवडू लागला. लालाखाली हिरवा, हिरव्याखाली पुन्हा लाल, त्याखाली मूळचा. उघड्या पोलादावर त्याने रॉकेलचा बोळा फिरविला, चाक कोरडे पुसून काढले, आणि वर खडूची पूड भुरभुरली. तड्यात शिरलेले रॉकेल थोड्या वेळाने पुडीत पाझरते आणि तडा रेघेसारखा उमटतो. ही युक्ती जुनीच आहे, आणि तीस विजेची गरज लागत नाही. पाचांपैकी तीन चाके निर्दोष निघाली. दोहोंवर एका भोकाकडून दुसऱ्याकडे निघालेल्या रेघा उमटल्या, एकीची लांबी अंगठ्याएवढी.

यात चाक घडविणाऱ्याचा दोष नव्हता. नट सैल राहिला की तबकडी दर फेऱ्यास किंचित लवते, भोके लांबट होत जातात, आणि शेवटी पोलाद थकते. क्षमतेबाहेर माणसे भरून खड्ड्यांतून धावणाऱ्या गाडीत हे लवकर घडते, आणि ही गाडी अर्धे शतक तशीच धावली होती. आजही पावसाळी रात्री कुणास दवाखान्यात न्यावयाचे झाले की शेजारी प्रथम याच अंगणात येतात. स्नेही बराच वेळ गप्प राहिले. वेल्डिंग करून चालेल का, असे त्यांनी एकदा विचारले. रंगाऱ्याने मान हलविली, आणि आम्हीही त्याच्याच बाजूने बोललो: बोल्टाच्या भोकाजवळचे थकलेले पोलाद डागून विश्वासास पात्र होत नाही. ती दोन चाके भंगारात गेली. त्याच मापाची दोन जुनी चाके शोधावयास तीन आठवडे लागले, आणि तीही आधी खडूच्या परीक्षेतून गेली.

मग रंगाची गोष्ट निघाली, आणि येथे आम्ही आमचे मत आग्रहाने मांडले. जेथे माती तांबडी, चिखल तांबडा, तेथे लाल चाक दिसते फार सुंदर. पण सैल नटाखालून किंवा तड्यातून जी गंजाची तांबूस रेघ बाहेरच्या कडेकडे ओघळते, ती लालावर दिसतच नाही. मलईच्या रंगावर तीच रेघ कपाळावरच्या गंधासारखी उठून दिसते. चिखल धुतल्यावर निघून जातो, ती रेघ राहते. राहिली की पाना काढावयाचा. काळा रंग मळखाऊ म्हणून पुष्कळांस आवडतो, आणि तेवढ्याचसाठी आम्हांस तो येथे नको वाटतो. शहरात केवळ प्रदर्शनापुरती बाहेर पडणाऱ्या गाडीस वाटेल तो रंग द्यावा, आमची ना नाही. पन्नास वर्षांवरील मूळ रूपातील गाड्यांसाठी 2021 साली केंद्र शासनाने निराळी नोंदणी केली. त्या गाड्या रोजच्या कामास वापरावयाच्या नसतात. आमच्या स्नेह्यांनी तो मार्ग धरला नाही, कारण ही जीप कामाची आहे.

रंगाऱ्याने रेड ऑक्साइडचा एक हात दिला, त्यावर मलई रंगाचे दोन पातळ हात. लांबी त्याने मुळीच भरली नाही. चाकावर लांबी भरणे म्हणजे पुढचा तडा आजच झाकणे, असे त्याचे म्हणणे. नट जेथे टेकतात त्या उतरत्या बैठकी मात्र त्याने रंगापासून कोऱ्या ठेविल्या. तेथे रंगाचा जाड थर राहिला तर तो दाबाने बसतो, आणि आवळलेला नट आपोआप सैल होतो. डाव्या अंगाच्या चाकांचे आटे उलट आहेत, हे त्याने मुलास दोनदा बजावले. नवशिका माणूस तेथे नट सैल करण्याच्या नादात आणखी आवळतो आणि स्टड तोडून बसतो. नट समोरासमोरचे क्रमाने आवळावे, आणि पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालल्यावर पुन्हा एकदा पाहावे. हे काम आता मुलाने अंगावर घेतले आहे.

लाल रंगाचे काय झाले, असे वाचक विचारतील. शेवटच्या दिवशी रंगाऱ्याने चाक एका जुन्या हबवर चढवून हाताने फिरविले, बारीक कुंचला स्थिर धरला, आणि कड्याच्या अगदी बाहेरच्या काठाशी, भोकांपासून पुष्कळ दूर, बोटभर रुंदीची लाल रेघ ओढली. पाचही चाकांवर. पाचवे मागे टांगलेले असते. त्याच्यावरची रेघ, तेवढी एक, स्नेह्यांनी स्वतः ओढली, आणि ती किंचित वाकडी आहे.