स्क्रीन काळी, हवा खारी

कॉम्प्युटर सुरू होतो, आतला पंखा फिरतो, कीबोर्डचा लाइट लागतो आणि मॉनिटर थंडपणे सांगतो, 'नो सिग्नल'. ऑफिसात असं झालं की आपण आयटीवाल्याला फोन लावतो आणि चहाला जातो. थळला असं झालं की काय करायचं?

थळ म्हणजे मांडवा आणि अलिबागच्या मधलं, समोर खांदेरी-उंदेरी दिसणारं गाव. आपल्यासाठी वीकेंड, माझ्या मामेभावासाठी घर आणि धंदा. तो लग्नाचे आणि हळदीचे व्हिडिओ एडिट करतो. आगरी-कोळी हळद ज्यांनी अनुभवली असेल, त्यांना रात्रभराचं फुटेज म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. चातुर्मासात लग्नं नाहीत, म्हणून मशीन जवळपास बंदच. तुळशीचं लग्न लागलं, ऑर्डरी आल्या, ॲडव्हान्सही खर्च झाला आणि नेमकी तेव्हाच स्क्रीन काळी!

"ताई, दुकानवाला म्हणतो कार्ड उडालं, नवीन घ्या," त्याचा फोन. दुकानवाल्याने कार्ड बघितलंही नव्हतं. कार्ड २०१६ साली बाजारात आलेलं जीटीएक्स १०६०, म्हणजे वय झालेलं, हे खरं. पण २०२१मध्ये क्रिप्टो आणि चिपटंचाईने कार्डांचे भाव कुठच्या कुठे गेले होते, तेव्हापासून 'नवीन घ्या' हे शब्द मला सहजासहजी पचत नाहीत. शनिवारी सकाळची बोट पकडली.

पहिली भीती डेटाची. दोन नवऱ्यामुलींच्या हळदी त्या डिस्कवर होत्या आणि मामी देवाला हात जोडून बसली होती. पण चित्र गेलं म्हणजे फाइली गेल्या असं नसतं. मॉनिटर माझ्या लॅपटॉपला लावला, तो ठणठणीत. केबलही तीच, म्हणजे तिचाही दोष नाही. कार्डाला पॉवर देणारा सहा पिनांचा कनेक्टर घट्ट होता. मग कार्डच काढून ठेवलं आणि केबल थेट मदरबोर्डच्या पोर्टला जोडली. आला की डेस्कटॉप! (प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असेल तरच हे जमतं. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावापुढे 'एफ' असतो, त्यांत ते नसतं.) मामीने तेवढ्यात चहा टाकला. फाइली जागेवर होत्या. आता प्रश्न फक्त कार्डाचा.

कार्ड उजेडात धरलं. स्लॉटमध्ये बसणाऱ्या सोनेरी दातांवर हिरवट-पांढरा थर. हिरवा म्हणजे तांबं गंजलंय. त्या दातांवरचा सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो, खाली निकेल आणि त्याखाली तांबं. मुलाम्याला बारीक छिद्रं असली की खारा ओलावा तिथून आत शिरतो. मीठ तर हवेतून येतंच. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कण पाणी ओढून स्वतःच विरघळतो आणि त्या खाऱ्या पाण्यातून वीज वाहते. पावसाळ्यात किनाऱ्यावर याहून कमी आर्द्रता असते कधी? घराचे कडी-कोयंडे, खिडकीचे गज, स्कूटरचा सायलेन्सर खाणारी हवा कार्डाला का सोडेल?

कॉम्प्युटर पश्चिमेच्या खिडकीखाली. वारा छान लागतो म्हणून! चालू असताना पंखा खारी हवा आत ओढतो, पण मशीन गरम असल्याने ओल टिकत नाही. बंद, गार मशीनमध्ये मात्र ती निवांत बसून राहते. चार महिने मशीन झाकलेलं होतं, तेही प्लास्टिकच्या कव्हरने. गंमत म्हणजे हाच मुलगा कॅमेऱ्याच्या लेन्सला बुरशी लागू नये म्हणून त्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवतो.

इलाज वीस रुपयांच्या आतला. प्लग काढला, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवली, शाळेतल्या पांढऱ्या खोडरबरने दात हलक्या हाताने पुसले. मग मोबाइल रिपेअरवाल्याकडून मागून आणलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ ब्रशने दातांवर आणि स्लॉटमध्ये फिरवलं. सॅनिटायझर चालत नाही, त्यातलं ग्लिसरीन मागे राहतं. अर्धा तास वाळवलं, कार्ड 'टक्' आवाज येईपर्यंत दाबून बसवलं, मॉनिटरची केबल परत कार्डाला लावली. चित्र आलं.

दरवेळी येईलच असं नाही. स्क्रीनवर उभ्या रेघा किंवा रंगीत चौकोन दिसत असतील, तर बहुधा कार्डाची मेमरी किंवा चिपखालचं सोल्डरिंग गेलेलं असतं, तिथे खोडरबर काय करणार? कार्ड ओव्हनमध्ये भाजायचा उपाय सांगणारे बहाद्दर भेटतील. पदरी पडतात थोडे दिवस आणि केक करायच्या ओव्हनमध्ये विषारी धूर.

आता मशीन आतल्या भिंतीला आहे. कव्हर सुती कापडाचं, तेही मशीन गार झाल्यावरच घालायचं. आषाढ ते कार्तिक, काम असो-नसो, संध्याकाळी अर्धा तास ते चालू होतं. ती ड्यूटी मामीने घेतलीय. देवाजवळ दिवा लावला की आधी कॉम्प्युटरचं बटण दाबते आणि मग त्यावर जुन्या हळदी बघत बसते.