भिंगापुढची काच

आपण नवा कॅमेरा घेता, तेव्हा दुकानदार त्याबरोबर एक गोल काचही पुढे सरकवतो. 'यूव्ही फिल्टर लावून घ्या, भिंग सुरक्षित राहील,' असे सांगतो. मीही ती घेतली होती. मुळात ही काच निराळ्या कामाची. फिल्मवर अतिनील किरणांचा परिणाम होई आणि दूरचे डोंगर धुरकट, निळसर उमटत. ते टाळण्यासाठी ती लावीत. डिजिटल कॅमेऱ्यात संवेदकापुढेच अशी गाळणी बसवलेली असते. तेव्हा ते प्रयोजन जवळजवळ संपले. उरली ती राखणदारी.

ती मी जेजुरीला अनुभवली. सोमवती अमावास्येला खंडोबाची पालखी कऱ्हा नदीवर स्नानासाठी निघते, तेव्हा भंडाऱ्याने आसमंत पिवळा होतो. घाईत मी सदऱ्याच्या बाहीनेच काच पुसली. धूळमिश्रित भंडाऱ्याचे ओरखडे उठले ते फिल्टरवर; भिंग निर्मळ राहिले. दुसऱ्याच दिवशी मी तसाच नवा फिल्टर आणला, आणि तो भिंगावरून कधी उतरवला नाही.

पुढे त्रिपुरी पौर्णिमेला आईला घेऊन नदीच्या घाटावर गेलो. द्रोणातला दिवा पाण्यात सोडण्यासाठी ती वाकली, त्या क्षणी मी छायाचित्र टिपले. चौकटीच्या कोपऱ्यात घाटावरचा विजेचा प्रखर दिवा होता. घरी येऊन पाहतो तो आईच्या गालावर हिरवट डाग! लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. संवेदकावरून माघारी आलेला प्रकाश सपाट फिल्टरवर आदळून पुन्हा आत शिरतो, आणि दिव्याचे भूत चौकटीच्या नेमक्या विरुद्ध बाजूस उलटे उमटते. बहुस्तरीय लेपाचा फिल्टर असता, तर डाग फिका पडला असता. माझा स्वस्तातला होता. (काटकसर कोठे करू नये, हे मला नेहमी उशिराच कळते.)

आपण विचाराल, मग फिल्टर लावावा की नाही? धूळ, गुलाल, समुद्राचे खारे तुषार असतील तर अवश्य लावावा. रात्री चौकटीत दिवे असतील, तर काढून डबीत ठेवावा.

पुढच्या त्रिपुरीला आई नव्हती. संगणकावर तो डाग पुसता येईल, असे मुलगी म्हणते. परंतु त्याखालचा गाल कसा होता, हे संगणकाला कोठून ठाऊक असणार? मी तो तसाच ठेवला आहे. फिल्टर फिरवून काढायला चार-पाच सेकंद लागतात. आई त्याहून अधिक वेळ पाण्यावर वाकून राहिली होती.