आहारदान आणि गुंठाभर माती

श्रावकाच्या षट्कर्मांत दानाला स्थान आहे आणि चतुर्विध दानात आहारदानाचा उल्लेख प्रथम येतो. बारामतीच्या पेठेत वाढलेल्या माझ्या पिढीने दुकानाच्या ओट्यावरून पसापसा धान्य दिले जाताना पाहिले आहे. आजही वाढदिवस, पुण्यतिथी, पर्युषणाची सांगता अशा निमित्तांनी अन्नवाटप होते आणि त्याची छायाचित्रे आपण मासिकांतून पाहतो. त्यात गैर काहीच नाही. परंतु त्या दानात देणारा ओट्यावर असतो आणि घेणारा ओट्याखाली. हा ओटा नसलेले आहारदान गेली दोन वर्षे मी इंदापूर तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेच्या परसबागेत पाहतो आहे. त्याविषयी समाजबांधवांशी बोलावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

भूक कशी दिसते, हे 1972च्या दुष्काळाने आम्हाला दाखवले. मी तेव्हा सातवीत होतो. रेशनवर आलेला परदेशी लाल मिलो, दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी, रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्या बायका आणि त्यांच्या शेजारी धुळीत निजवलेली लेकरे, हे सारे अजून डोळ्यांपुढे आहे. आज नीरा डावा कालवा आणि उजनीचे पाणी यांच्या आधारावर दोन्ही तालुके उसाने हिरवे आहेत. (कालव्याकाठी अतिपाण्याने जमिनी खारवत चालल्या आहेत, पण तो वेगळा विषय.) अशा हिरव्या मुलखात भूक कसली, असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील सुमारे 35 टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे आणि सहा महिन्यांपुढील सुमारे 69 टक्के बालकांना रक्तक्षय आहे. ही भूक पोट भरल्यावरही उरते. ऊसतोडणीच्या हंगामात कोपीवरच्या मुलांच्या ताटलीत पाहावे. भाकरी असते, चटणी असते. हिरवे पान क्वचित दिसते. चारी बाजूंना ऊस उभा आणि मेथीची जुडी मात्र आठवडी बाजारातून विकत आणायची!

या शाळेच्या पटावर 80 मुले आहेत. हंगामात त्यांत तोडणी मजुरांच्या मुलांची भर पडते. शालेय पोषण आहाराच्या निकषाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला दररोज 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ आणि 50 ग्रॅम भाजी मिळावयास हवी. बँकेतल्या सवयीने मी हिशेब मांडला. दिवसाला 4 किलो भाजी. शाळेचे 220 दिवस धरले तर वर्षाला 880 किलो. एवढी भाजी गुंठाभर परसबागेतून निघणे शक्य नाही, आणि निघतही नाही. परसबागेने भूक मिटेल असे सांगणाऱ्यांनी आधी ही आकडेमोड करावी. तरीही भाजी महागली की खिचडीतले हिरवे पहिल्यांदा नाहीसे होते. नेमक्या त्या दिवसांत ही बाग उपयोगी पडते.

बागेत राबतात ती शाळेची मुले आणि त्यांच्या मदतीला शनिवारी येणारे राष्ट्रीय सेवा योजनेचे महाविद्यालयीन विद्यार्थी. ही योजना 1969 सालची, गांधी जन्मशताब्दीची. तिच्यात स्वयंसेवकाने वर्षाला 120 तास द्यावेत, अशी अपेक्षा असते. पुष्कळ ठिकाणी हे तास रोपे लावून छायाचित्र काढण्यात संपतात. येथील विद्यार्थी मात्र आळी करतात, शेणखत मिसळतात, माव्यावर राख धुरळतात. मुले जेवल्यावर हात धुतात ते पाणी चर काढून केळी आणि पपईच्या बुडाशी नेले आहे. कुंपणाला दोडका आणि घेवडा आहे, कोपऱ्यात शेवगा. पालक, चुका, राजगिरा मुळासकट उपटायचा नाही, पाने खुडायची, हा नियम आपल्याच समाजातील एका विद्यार्थिनीने घालून दिला. तिच्या मनात मुळाला न दुखवण्याचा विचार होता. खुडलेले वाफे पुन्हा फुटले आणि एका पेरणीत तीन-चारदा भाजी मिळाली, तेव्हा इतरांनाही तो नियम पटला.

तिच्या आजोबांना मात्र हे रुचले नव्हते. माती खणताना किती जीव दुखावतात, असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या शास्त्रांनी गृहस्थाला संकल्पी हिंसा पूर्णपणे वर्ज्य सांगितली आहे. उद्योगी आणि आरंभी हिंसा त्याला सर्वस्वी टाळता येत नाही. तेथे यत्नाचार पाळावयाचा, हे ओळखूनच ती वेगळी गणली. भगवान आदिनाथांनी असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे शिकवली, त्यांत कृषी आहेच. आपण व्यापारी घराण्यांनी मसि आणि वाणिज्य जवळ केले. धान्य मात्र कोणीतरी माती खणूनच पिकवत होता. आपण फक्त ते पाहत नव्हतो. आजोबांना मी एवढेच म्हणालो. ते गप्प राहिले. पटले असे मी म्हणणार नाही, पण नातीला त्यांनी अडवले नाही.

विद्यार्थ्यांचे श्रम आणि त्यांचे जेवण यांची सांगड घालणारा महापुरुष आपल्याच समाजात, कुंभोजला, 22 सप्टेंबर 1887 रोजी जन्मला, याचे स्मरण येथे होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि 1924 मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढले. सर्व जातींची मुले तेथे एकत्र राहिली, राबली, एका पंगतीत जेवली. मुले उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. बारामतीतही 1962 पासून अनेकान्त एज्युकेशन सोसायटीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय समाजाच्या विद्यादानाची साक्ष देत उभे आहे. विद्यादानात आपण मागे नाही. विद्या घेणाऱ्या मुलांच्या हाती खुरपे देण्याला मात्र आपण कचरतो.

बागेची खरी अडचण पैशांची नाही. बियाणे, झारी, पाइप यांना लागणारी रक्कम एका वाढदिवसाच्या केकपेक्षाही कमी आहे. अडचण आहे मे महिन्याची. शाळा बंद, महाविद्यालयाच्या परीक्षा, मुले मामाच्या गावी. पहिल्या उन्हाळ्यात शेवगा सोडून सारे वाळले होते आणि जूनमध्ये मुलांनी पुन्हा शून्यापासून वाफे केले. यंदा आम्ही पाणी घालणाऱ्यांची यादी शाळेच्या फळ्यावर लिहिली आहे, सकाळी सात ते आठ अशी वेळ ठरवून. गावातील दोन शेतकरी, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, बारामतीहून एसटीने येणारे आम्ही तिघे निवृत्त आणि काही विद्यार्थी. रविवारी त्या आजोबांचे नाव नातीने स्वतःच्या नावाखाली लिहिले. त्यांना विचारून लिहिले की न विचारता, हे मी विचारले नाही. 31 पैकी 19 दिवस भरले आहेत. 12 दिवस अजून मोकळे आहेत.