वळणावरचा ठोका

जुन्या पिकअपचं स्टीअरिंग वळवलं की खालून ‘कट्’ असा आवाज येतो. लासलगावला कांदा उतरवून रिकामी गाडी आणताना तो जास्तच जाणवला. गॅरेजपाशी उभ्या एकाने लगेच सीव्ही जॉइंटचं नाव घेतलं. पण या गाडीत इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना जाते. पुढे तो जॉइंटच नाही! सल्ला फुकट, पार्ट नाही.

पॉवर स्टीअरिंगच्या पंपाचा आवाज वेगळा. तेल कमी झालं किंवा त्यात हवा शिरली की तो कण्हतो, टाकीत फेस दिसतो. इथे तेल स्वच्छ, पातळी बरोबर. मग इंजिन बंद ठेवून धाकट्याला स्टीअरिंग जरा डावीउजवीकडे हलवायला सांगितलं आणि खाली आडवा होऊन एकेका सांध्यावर बोटं ठेवत गेलो. लोखंडातून फिरणारा आवाज कानाला फसवतो, बोटांना ठोका नेमका लागतो. डाव्या टाय रॉड एंडचं रबर फाटलेलं, ग्रीस केव्हाच वाहून गेलेलं. गाडी विकणाऱ्याने बॉनेट मात्र चकचकीत पुसून दिलं होतं.

उद्या नवा एंड, लगेच अलाइनमेंट. नाहीतर टायर एका बाजूने झिजतील.