एक्केचाळीस भागिले दहा

गेले तीन शनिवार-रविवार टायर ह्या एकाच विषयात गेले. कोड लिहून पोट भरणाऱ्या माणसाने टायरवर एवढं बोलू नये हे मान्य, पण डिग्री मेकॅनिकलची आहे. (नाशकात मेकॅनिकल करून आयटीत शिरलेली मंडळी मोजायला बसलो तर हा लेख आज संपायचा नाही.) इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला 'थिअरी ऑफ मशीन्स'मध्ये गिअर ट्रेनची गणितं घोटली होती. ती आठ वर्षांनी पहिल्यांदा घरच्या कामाला आली, म्हणून हा प्रपंच.

तर झालं असं, की माझ्या चुलतभावाकडे, म्हणजे दादाकडे, पिकप आहे. चार सिलिंडरची, अडीच लिटर डिझेलची. (कंपनी कोणती? सातपूर आणि इगतपुरीला ज्यांचे कारखाने आहेत त्या नाशिककरांना हा प्रश्न विचारायचा नसतो :)) दिंडोरी तालुक्यात शेती, थोडी द्राक्षं आणि बाकी टोमॅटो. स्वतःचा आणि शेजारच्या दोघा-तिघांचा माल दादा रात्री भरतो आणि पहाटे वाशीला उतरवतो. घर त्या गाडीवर चालतं, गाडीचा हप्ताही त्या गाडीवरच चालतो.

दादाच्या मेव्हण्याने आपल्या एसयूव्हीचे टायर बदलले. जुने अर्धे झिजलेले, पण टाकवेनात. ते दादाने आणून पिकपला चढवले. आधीचा टायर 215/75 आर 15, हा 235/75 आर 15. रिम तीच. गाडी एकदम उचलून दिसायला लागली, पोरं फोटो काढायला लागली. दादाचं म्हणणं, पावसाळ्यात शेताच्या रस्त्याला चाकोऱ्या पडतात, मधला उंचवटा डिफरेन्शियलला घासतो, आता घासणार नाही. आणि हे जमलं की पुढे 31 इंची टायर टाकायचे, जीपवाली मंडळी टाकतात तसे.

टायरवरचे आकडे वाचायची पद्धत विचित्र आहे. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा उंची, पण रुंदीच्या टक्क्यांत. तिसरा रिमचा व्यास, तो मात्र इंचांत. तीन आकडे, तीन एककं. आमच्या ऑफिसात असा इंटरफेस कोणी केला तर कोड रिव्ह्यूत टिकणार नाही. असो. गणित केलं तर जुन्या टायरचा व्यास 703.5 मिलिमीटर येतो, नव्याचा 733.5. फरक 30. पण गाडी उचलली जाते ती त्रिज्येने, म्हणजे 15 मिलिमीटर. टायर झिजलेले, त्यामुळे तेवढीही नाही. बोटाचं एक पेरसुद्धा त्याहून मोठं असतं. दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "तू चिखलात ये, मग एकेका मिलिमीटरची किंमत कळेल." हे मात्र खरं आहे.

मोठा टायर बसवणं म्हणजे न सांगता गिअर बदलणं असतं, आणि खरी गंमत तिथून सुरू होते. जुना टायर एका किलोमीटरला साधारण 452 फेरे मारायचा, नवा 434 मारतो. इंजिन तेवढंच फिरलं तरी गाडी 4.3 टक्के पुढे जाते. ह्याचा दुसरा अर्थ, टायर रस्त्याला मागे ढकलतो ते बळ त्याच प्रमाणात कमी झालं. तरफेचा नियम, सातवीतला. गाडी, माल, माणसं मिळून 2800 किलो धरले तर चढावर ओढायची ताकद सुमारे 115 किलोंनी घटली. टोमॅटोचा क्रेट 20 किलोचा धरा. म्हणजे जवळपास सहा क्रेट. दादाला टक्के कळतात, पण क्रेट जास्त लवकर कळतात.

आता अ‍ॅव्हरेज. दादाची तक्रार होती की गाडी 13 द्यायची ती 12 द्यायला लागली. पण किलोमीटर मोजणारं यंत्रही जुन्याच टायरच्या हिशोबाने मोजतंय! त्याने 100 सांगितले तेव्हा गाडी 104 च्या वर चाललेली असते. 12 ला त्या हिशोबाने वाढवलं तर साडेबारा येतात. म्हणजे निम्मा तोटा खरा, निम्मा कागदावरचा. ह्यावर दादा खूश झाला. मग मी सांगितलं की काटा 80 दाखवतो तेव्हा तू 83 ला असतोस. मग तेवढा खूश राहिला नाही.

ह्यावर जाणकारांचा उपाय ठरलेला आहे: क्राउन-पिनियन बदला. मागच्या डिफरेन्शियलमध्ये प्रॉपेलर शाफ्टच्या टोकाला छोटं पिनियन असतं, ते मोठ्या क्राउनला फिरवतं. दोघांच्या दातांचा भागाकार म्हणजे रेशो. जुन्या जीपवाल्यांत अजूनही 'आठ-त्रेचाळीस' अशीच भाषा चालते: पिनियनला 8 दात, क्राउनला 43, रेशो 5.38. युद्धातल्या विलीज जीपला 8-39 म्हणजे 4.88 होता, आणि युद्धानंतर तीच जीप शेतकऱ्याला विकायला काढली तेव्हा 5.38 केला. नांगर ओढायचा तर वेग कमी चालेल, ओढ जास्त हवी, एवढा साधा विचार.

आपल्या गाडीचा रेशो किती हे हाउसिंग न उघडता मोजता येतं. पंचवटीत पेठ नाक्याजवळ आमचे एक मिस्त्री आहेत, त्यांनी करून दाखवलं. गाडी न्यूट्रलला, बाकीच्या चाकांना ओटी, मागचं एकच चाक जॅकवर. शाफ्टवर आणि टायरवर खडूची खूण. एक चाक जमिनीवर अडकलेलं असलं की डिफरेन्शियलमुळे वरचं चाक दोन फेरे फिरतं तेव्हा क्राउन एकच फेरा फिरतो. मी चाक फिरवत होतो आणि दादा गाडीखाली आडवा होऊन शाफ्टचे फेरे मोजत होता. चाकाचे 20 फेरे, शाफ्टचे 41. म्हणजे 41 भागिले 10, 4.10. कॉलेजच्या चार वर्षांत एकाही प्रॅक्टिकलला इतकं समाधान मिळालं नव्हतं. (दुसऱ्या मॉडेलचा, दुसऱ्या वर्षाचा वेगळा असू शकतो, आपापला मोजून घ्या.)

मग वहीत मांडलं. 11-47 ची जोडी मिळाली तर रेशो 4.27. जुना टायर आणि जुना रेशो धरून किलोमीटरमागे शाफ्टचे 1855 फेरे, नवा टायर आणि 4.27 धरून 1854. जवळजवळ तंतोतंत! गेलेली ओढ परत, आणि काटा गिअरबॉक्समधून चालत असेल तर तोही आपोआप बरोबर. (ज्या गाड्या चाकावरच्या सेन्सरवरून वेग घेतात त्यांना हा फायदा नाही.) 31 इंची टायरसाठी तोच हिशोब: व्यास 787 मिलिमीटर, जवळपास 12 टक्के मोठा, तेव्हा 9-41 म्हणजे 4.56 च्या आसपास हवं.

मिस्त्री म्हणाले, "जोडी मिळेल हो, बसवणारा मिळायला पाहिजे." क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीनेच बनवतात, एक इकडचं एक तिकडचं चालत नाही. बसवताना पिनियन किती आत हे शिमने ठरवायचं, दातांमधली फट डायल गेजने मोजायची, दातांना रंग लावून फिरवून बघायचं की ठसा मधोमध पडतोय का. ठसा कडेला पडला तर गाडी आधी रडते आणि मग दात खाते. पूर्वी असल्या जोडीसाठी लोक आधी सातपूर-अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारात चक्कर मारायचे. 2017 मध्ये महापालिकेने तो बाजार उठवला तेव्हा जीपवाले हळहळले होते, असं मिस्त्री सांगत होते.

इथपर्यंत सगळं चढाचं बोलणं. ओढ, पिकअप, दम. मलाही त्यात मजा येत होती. मग एका रविवारी दादा सहज बोलून गेला, "चढाला काही वाटत नाही रे. कसाऱ्याला उतरताना तिसऱ्यात गाडी धरायची, आता सुटल्यासारखी वाटते. ब्रेकवर पाय जास्त राहतो."

हे ऐकलं आणि वही बाजूला ठेवली. नाशिक पठारावर आहे. आपला माल मुंबईला जातो तो कसारा घाटातून खाली, पेठवरून सुरतेला जातो तोही सावळघाटातून खालीच. भरलेली गाडी उतरते आणि रिकामी चढते! ओढायची ताकद आम्हाला लागते ती रिकाम्या क्रेटसाठी. भरल्या गाडीला लागते ती धरून ठेवायची ताकद, आणि गाड्यांच्या गप्पांत तिचं नाव कोणी घेत नाही.

इगतपुरी ते कसारा उंचीतला फरक सुमारे 300 मीटर. रेल्वेला तिथे 37 ला 1 असा चढ आहे आणि वर येणाऱ्या गाड्यांना जादा इंजिनं जोडावी लागतात, ते आपण लहानपणापासून खिडकीतून बघतो. 2800 किलो 300 मीटर खाली आणताना जी ऊर्जा सुटते तिच्यात 24 लिटर पाणी गार असल्यापासून उकळीपर्यंत जाईल. एक बंब भरून. एवढी उष्णता कुठेतरी जायलाच हवी: थोडी हवेत, थोडी इंजिनात, उरलेली ब्रेकमध्ये. डिझेल इंजिन पाय काढल्यावर तसंही पेट्रोलइतकं धरत नाही, कारण हवेचा रस्ता अडवणारी झडप त्यात सहसा नसते. जे काय धरतं ते रेशोने गुणून चाकापर्यंत येतं. टायर मोठा झाला की तिथेही चार टक्के गेले, आणि ब्रेकची पकड टायरच्या काठापर्यंत येताना अजून चार टक्के गेले. समृद्धीचा इगतपुरीचा बोगदा जून 2025 मध्ये सुरू झाला, पण उंची तेवढीच उतरायची असते, फक्त सावकाश. दादा तरी जुन्याच घाटाने जातो, टोल वाचवायला.

चार टक्क्यांनी कोणी मरत नाही, हे मी दादाला स्पष्ट सांगितलं. उगाच घाबरवणारे इंजिनिअर मला आवडत नाहीत. दुसऱ्यात टाकून उतरलास तर भरपूर मार्जिन आहे, मागचे ट्रक हॉर्न मारतील तेवढंच. पण सीझनला बांधावर माल उरला की दहा क्रेट जास्त चढतात. ब्रेक लायनर अर्धे गेलेले असतात. रात्रीची झोप नसते. आणि त्यावर 31 इंची टायर आला की चाराचे बारा होतात. शिवाय आता पुतण्याही आलटून पालटून चालवतो. एकोणीस वर्षांचा आहे.

आणखी एक गोष्ट टायर पुसताना दिसली. एसयूव्हीच्या टायरवर भाराचा आकडा 105 होता, म्हणजे एका टायरला जास्तीत जास्त 925 किलो. मागच्या दोघांना मिळून 1850. पिकपचा टायर 'एलटी' असतो, प्लाय रेटिंगवाला, जास्त हवा भरून जास्त वजन पेलण्यासाठी बनवलेला. दिसायला लहान, पण कामाचा तोच. जादा माल भरलेल्या गाडीचं मागचं वजन 1850 च्या किती जवळ जातं हे दादाने मला विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आम्हा दोघांना माहीत होतं.

कायद्याचंही बघितलं. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येणार नाही. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात 182-ए कलम आलं: प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंडाचं दादाला काही वाटलं नाही. पण घाटात काही झालं तर विम्याचा सर्व्हेअर पहिल्यांदा टायरवरचा आकडा वाचणार, हे वहिनीने ऐकलं. त्यानंतर चर्चा फार चालली नाही.

क्राउन-पिनियनला जे पैसे लागले असते त्यात थोडी भर घालून दादाने मूळ मापाचे नवे एलटी टायर घेतले, मागच्या दोघांना खोल नक्षीचे, चिखलासाठी. ब्रेक लायनर चारही चाकांचे बदलले. शेताच्या रस्त्यावरचा मधला उंचवटा पुतण्याने आणि मी एका सकाळी कुदळीने खणून काढला. तिथे दीड वीत उंची मिळाली, 15 मिलिमीटर नव्हे. मोठे चार टायर आता गोठ्याच्या भिंतीला टेकून उभे आहेत. त्यातले दोन बैलगाडीला लावायचं काकांच्या मनात आहे. काका मला विचारत होते की त्यालाही काही हिशोब करावा लागतो का.

मी वही घेऊन गेलोय. :)