रूळ राखणारे हात (थ्रेड)

१/ १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली गाडी निघाली, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. दुसऱ्या दिवसापासून तो रूळ कोणी राखला, हे मात्र सहसा विचारले जात नाही.

२/ १८६३ मध्ये बोरघाट खुला झाला. २५ बोगदे आणि ३७ फुटांमागे १ फूट चढण. १८६१ मध्ये तेथे ४० हजारांवर मजूर राबत होते. पटकीने व अपघातांनी त्यांतील हजारो दगावले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारला. त्याची पत्नी ॲलिस हिने काम पुढे नेले. या दांपत्याची नावे ग्रंथांत सापडतात, मजुरांची नाहीत.

३/ बांधकाम एकदा संपते, देखभाल संपत नाही. गाडीच्या हादऱ्यांनी खडी सरकते, स्लीपर खचतो, चावी सैल होते. उन्हाने रूळ फुगतो, थंडीने आकसतो. म्हणून लोहमार्गाचे टप्पे पाडून एकेक टप्पा एकेका गँगकडे सोपवला गेला. मुकादम, कीमन आणि गँगमन अशी तिची रचना.

४/ कीमन हातोडा, पाना, निशाणे व फटाके घेऊन आपला टप्पा रोज पायी तपासतो. हा फटाका दिवाळीचा नव्हे. ब्रॉडगेजवर रूळ तुटलेला दिसला, तर तेथून ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन फटाके रुळावर बसवायचे. इंजिनाच्या चाकाखाली ते फुटले की चालक गाडी थांबवतो. समोरून गाडी येत असता हे अंतर धावत कापावे लागते.

५/ पावसाळ्यात घाटांत रात्रीची गस्त असते. २२ जून २००३ रोजी कोकण रेल्वेवर वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरली आणि पन्नासावर माणसे गेली. अंधारात कंदील वा विजेरी घेऊन चालणारा गस्तवाला काय टाळू पाहतो, ते यावरून उमगावे.

६/ आणि त्याची स्वतःची सुरक्षा? डॉ. अनिल काकोडकर समितीच्या २०१२ च्या अहवालानुसार, २००७-०८ ते ऑक्टोबर २०११ या काळात सुमारे १६०० रेल्वे कर्मचारी कर्तव्यावर असताना मृत्युमुखी पडले. रुळांवर काम करणाऱ्यांचा धोका त्यात उघड दिसतो: वळणावर, धुक्यात वा शेजारच्या मार्गावरील गाडीच्या आवाजात मागून येणारी गाडी ऐकूच येत नाही.

७/ आता यंत्रे खडी दाबतात. ‘गँगमन’चा ‘ट्रॅकमन’ आणि पुढे ‘ट्रॅक मेंटेनर’ झाला. रुळावरची पायपीट तीच राहिली. गाडी सुखरूप गेलेल्या रात्रीची बातमी होत नाही. आपल्या रेल्वे-इतिहासात अशाच रात्री सर्वाधिक आहेत.